गाडी कोणाची

रविवार, संध्याकाळ. वापी.

आणि म्हणे गाडी घराची. आप्पा फोनवर परत तेच, "गाडी विक, कांद्याच्या चाळीला पत्रे टाकू. तुला एकट्याला काय करायची गाडी?" वडील आहेत म्हणून ऐकून घेतलं. चाळ गळते ते मला कळत नाही का? पण हप्ते मी इथं दोन-दोन पाळ्या करून फेडले. तेव्हा नव्हती ती घराची.

आज सुट्टी, म्हणून सकाळीच पेठच्या घाटात गेलो. लय थंडी. बोटं वाकत नव्हती, पण डोंगरातला सगळा रस्ता माझा एकट्याचा. वाटेत एका म्हातारीनं हात केला. बाजाराला निघालेली, कोंबडी बगलेत धरून मागं बसली.

"गाडी तुझी का मालकाची?"

"माझी."

"मग भीत भीत काय चालवतो?"

लय हसलो. तिला उतरवून तसंच पुढं घरी, देवळ्याला जाता आलं असतं. नाही गेलो. आप्पांनी समोर बसून चावी मागितली असती तर दिली असती मी. ओळखतो ना स्वतःला.

म्हणून घाटातूनच मागं फिरलो, आणि येताना जोरात आलो. पत्रे येतील, पण माझ्या पगारातनं. गाडी माझी.

उद्या आप्पांना तीन हजार पाठवतोय.