कोकमाचं तेल आणि क्लचची तार

अप्पा, आज सकाळी पलीकडच्या घरातली सून इंजिन बसवलेली सायकल ढकलत माझ्या अंगणात आली, आणि तुम्ही गेल्यावर बावीस वर्षांनी मी पहिल्यांदा हातात पाना धरला. ते सांगावंसं वाटलं म्हणून लिहायला बसले आहे. तुम्हाला मराठी वाचता यायचं, पण हळू, एकेका अक्षरावर बोट ठेवून. म्हणून अक्षर मोठं काढते आहे. आयुष्यभर वह्या तपासून माझं अक्षर बारीक आणि घाईचं झालंय, त्याला आवर घालावा लागतो.

या मुलीचा नवरा गोव्यात कामाला असतो. मागच्या खेपेला आला तेव्हा बाजारात मिळतं ते छोटं इंजिन त्यानं तिच्या साध्या सायकलला बसवून दिलं. डाव्या मुठीशी क्लचची लिव्हर, तिथून इंजिनापर्यंत एक तार, बाकी पायडल मारून सुरू करायचं. त्यावर बसून ती रोज सकाळी सातला रानातल्या एका होमस्टेवर पोचते आणि पाहुण्यांचा नाश्ता करते. गेल्या आठवड्यात तिला तीनदा उशीर झाला. मालक म्हणाला, चौथ्यांदा झाला तर दुसरी बाई बघतो. 'टीचर,' ती मला सांगत होती, 'चढाला इंजिन नुसतं वरडतंय, चाक वढत न्हाई. दांडेलीला दावलं. गियरबॉक्स गेला म्हणत्यात, उघडाय लागतंय म्हणे. ह्यांनी फोनवर सांगितलं, गाडी बी ऱ्हाऊ दे आन् काम बी ऱ्हाऊ दे.' कुंपणापलीकडून तिची सासू बोलली, 'देवानं आधी पाय दिल्यात, मग इंजिन. चालत जा म्हणावं की, टीचर.'

मी विचारलं, 'कधी ओरडतं? सकाळी की दुपारी?' ती थांबली, आठवू लागली. 'सकाळच्यालाच. दुपारी येताना गुमान चालतंय. दांडेलीत बी दुपारीच दावलं, तवा न्हाई वरडलं.' अप्पा, सकाळी घसरणारी आणि ऊन चढलं की बरी होणारी गाडी मी आयुष्यात एकदाच पाहिली होती, तुमच्या दुकानासमोर, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या थंडीतल्या सुट्टीत. ती गाडी तशी का झाली हे तिथं दोघांनाच माहीत होतं. त्यातले एक तुम्ही.

जोयड्याच्या बाजारातलं ते दुकान म्हणजे चार खांब, वर पत्रे आणि एक लाकडी फळी. धरणामुळे सुपा गाव पाण्याखाली गेल्यावर तुम्ही हत्यारांची पेटी डोक्यावर घेऊन आलात आणि ती फळी मांडलीत, असं आई सांगायची. सायकली यायच्याच, पण तुमचा मान होता तो मोपेडींमुळे. दोन गियरची, पायडलवाली, सायकलीपेक्षा जरा जाड अशी ती गाडी तेव्हा या रानात कुणाकुणाकडे होती. दवाखान्याच्या दोन गाड्या तुमच्याकडेच यायच्या. त्यातली एक घेऊन तिथल्या सिस्टर वाड्यावाड्यांवर जायच्या, बाळांना टोचायला, बाळंतिणींना बघायला. त्यांच्या गाडीचं काम आलं की तुम्ही बाकी सगळं बाजूला ठेवायचात.

त्या दिवशी तुम्ही सामान आणायला लोंढ्याला निघाला होतात. जाताना म्हणालात, 'सिस्टरच्या क्लचच्या तारेत दोन थेंब तेल सोड. सांजच्याला न्यायला येतील.' मी बघितलं तर तेलाचा डबा कोरडा. शेजारच्या दुकानात मागितलं असतं तर मिळालं असतं, पण मी बी.एस्सी.ची मुलगी, मागायला जायचं मला कमीपणाचं वाटलं. चुलीजवळ आईची वाटी होती, कोकमाच्या बियांच्या तेलाचा पांढरा गोळा असलेली. थंडीत तुमच्या टाचांच्या भेगांत ती हेच तेल भरायची. मी ते चुलीवर पातळ केलं आणि कागदाचं नरसाळं करून तारेच्या नळीत सोडलं. लिव्हर इतकी मऊ झाली की मी चारपाच वेळा उगीच दाबून पाहिली. कुठला पदार्थ किती उष्णतेला वितळतो याचे तक्ते तेव्हा मला तोंडपाठ होते. समोरच्या वाटीतला गोळा मात्र मला तेल म्हणून दिसला, थंडीत गोठणारा पदार्थ म्हणून दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठाच्या सुमाराला जीपमधून गाडी आली आणि मागोमाग सिस्टर उतरल्या. मनगटाला फडकं गुंडाळलेलं, लुगड्याला चिखल. अणशीच्या वाटेवरच्या चढाला इंजिन नुसतं ओरडत राहिलं, चाकाला ओढ मिळाली नाही, गाडी मागे आली आणि त्या गटारात पडल्या. 'अप्पा, मरतच व्हते की मी,' एवढंच त्या म्हणाल्या. बाजारातली दहा-बारा माणसं गोळा झाली. मी घरात जाऊन गाडीचं इंग्रजी पुस्तक आणलं, कारण ते वाचणारी घरात मी एकटीच होते, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचून दाखवलं. क्लचच्या चकत्या झिजल्या असतील किंवा गियर सुटत असेल, गियरचा डबा उघडून पाहा. 'अप्पा, डबा उघडा,' मी म्हणाले. 'पुस्तकात स्पष्ट दिलंय.' कुणीतरी म्हणालं, 'लेक शिकलीया, अप्पा. ऐका आता.'

तुम्ही सिस्टरना फळीवर बसवलंत, पाणी दिलंत आणि विचारलंत, 'वरडायच्या आधी कट्ट करून झटका दिला व्हता काय?' त्या म्हणाल्या, न्हाई. 'मग गियर न्हाई सुटलेला,' तुम्ही म्हणालात. 'गियर सुटला तर गाडी दणका देती. क्लच घसरला तर नुसती वरडती.' मग तुम्ही लिव्हर दाबून सोडलीत. ती मुठीजवळच राहिली. पुढे यायला हवी होती तेवढी आली नाही, म्हणजे क्लच अर्धा दाबलेलाच. तुम्ही तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिलात, मग गाडी ढकलत रस्त्यापलीकडच्या उन्हात नेऊन लावलीत, आणि परत येऊन उकिडवे बसलात. हात गुडघ्यावर. जवळ हत्यार नाही, काही नाही. लोक हसायला लागले. 'अप्पा गाडी वाळत घालालाय. सांडगे हायत काय ते?' मला लाजेनं कुठं बघावं कळेना. पुस्तक माझ्या हातात उघडंच होतं.

तो अर्धा तास मी अजून बसल्या जागी पाहू शकते. ऊन फळीवरून रस्त्यावर सरकतं आहे, काळ्या नळीवर पडतं आहे, आणि तुम्ही डोळे न हलवता त्या लिव्हरकडे बघता आहात. आणि ती हलते. कुणी हात लावलेला नाही. केसभर हलते, थांबते, पुन्हा हलते, आणि झोपेतून उठणाऱ्या माणसानं हात लांबवावा तशी सावकाश पुढे येऊन आपल्या जागी उभी राहते. हसणारे जवळ सरकले. मी पुढे कितीतरी वर्षं प्रयोगशाळेत मुलांना प्रयोग दाखवले. त्यातला एकही मला त्या लिव्हरच्या जवळपास नेऊन बसवता येत नाही. एक खिळा न काढता, एक स्क्रू न फिरवता तुम्ही गाडीच्या आतलं दुखणं बाहेर बोलावून आणलंत आणि ते चालत आलं.

मग तुम्ही तार सोडवलीत, टोकाला बोट फिरवलंत. बोटावर पांढरट काहीतरी आलं. ते तुम्ही अंगठ्यानं चोळलंत, आणि मग, अप्पा, तळहातावरच्या भेगेत सावकाश जिरवलंत. जिथं ते तेल लावायचं असतं तिथंच. तुम्हाला कळलं होतं. तुम्ही माझ्याकडे वळून पाहिलं असतंत तर मी कदाचित बोलले असते, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले आहे. तुम्ही पाहिलं नाहीत. तुम्ही सिस्टरसमोर जाऊन उभे राहिलात आणि सगळ्यांदेखत म्हणालात, 'माझीच चूक हाय, बाई. तारेत नको ते तेल म्या घातलं. लेक म्हणती तसा डबा बिबा काय बी गेलेला न्हाई. हात माझा चुकला.' सिस्टर म्हणाल्या, 'तुमच्यावर इस्वास व्हता माझा.' त्या महिन्यापासून दवाखान्याच्या दोन्ही गाड्या दांडेलीला जायला लागल्या. त्या गेल्या म्हटल्यावर बाकीच्याही हळूहळू गेल्या. तुम्ही परत पंक्चरं काढायला लागलात. सिस्टरांची पुढे बदली झाली. त्यांना खरं काय ते कधीच कळलं नाही.

तुम्ही मला एका शब्दानंही बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी फळीवर बसवून एक जुनी तार माझ्याकडून दहा वेळा काढून घेतलीत आणि दहा वेळा घालून घेतलीत. 'आधी हात. मग तार. मग क्लच. डबा सगळ्यात शेवटी. वरडालंय तिथनं सुरू करायचं न्हाई. आपला हात लागतो तिथनं सुरू करायचं.' मग खिशातून चार आण्याचं झिजलेलं नाणं काढून माझ्या हातात ठेवलंत. लिव्हर आणि तिच्या खोबणीच्या मधे एवढी फट ढिली राहिली पाहिजे, कमी नाही, जास्त नाही. ते नाणं मी कॉलेजात नेलं, नोकरीत नेलं, या घरातही आणलं. नियम मात्र नेला नाही. मुख्याध्यापक झाल्यावर कुणी उशिरा आलं, कुणाचे मार्क पडले, की मी आधी डबाच उघडायची. तुझं चारित्र्य, तुझं घर, तुझी वृत्ती. हात आणि तार बघायला मला वेळ नसायचा. मुलं मला घाबरायची, पालक मान द्यायचे, आणि मला वाटायचं की काम चोख चाललं आहे.

आज त्या सायकलची लिव्हर मी दाबली आणि सोडली. मुठीजवळच राहिली. मी ती ढकलत उन्हात नेली आणि पायरीवर बसले. सासू कुंपणावरून म्हणाली, 'टीचरला बी लागलं वाटतं गाडीचं येड.' पोरगी माझ्याकडे बघत होती, आणि मी लिव्हरकडे. गुडघे दुखत होते, पण उठले नाही. अप्पा, ती आली. तशीच, केसाकेसानं. इतक्या वर्षांनी, दुसऱ्या गाडीवर, ऊन मात्र तेच आणि दुखणंही तेच. मला वाटलं मी मान वळवली तर शेजारी तुम्ही उकिडवे बसलेले दिसाल. मग माझ्या हातांनी काम केलं, मी फक्त बघत होते. तार सोडवली, खिळ्याला टांगली, पेट्रोलनं धुऊन काढली, पुसली, शिवणयंत्राचं तेल वरून थेंबथेंब सोडलं आणि खालच्या टोकाला ते येईपर्यंत थांबले. परत बसवली. पेटीतून नाणं काढून फटीत घातलं. बरोबर बसलं. तिनं सायकल नदीकडच्या चढावर नेऊन आणली. परत आली तेव्हा पायडलवरून उतरायचंही भान तिला नव्हतं. 'वढालंय, टीचर. एकदम वढालंय.'

इथं मी थांबायला हवं होतं. मी विचारलं, 'तारेत काय घातलं होतंस?' तिनं मान खाली घातली. 'लिव्हर घट्ट लागालती. पायाला लावतात ते कोकमाचं तेल, पातळ करून. सासूबाईंना सांगू नका.' आणि मी तिला रागावले. कशी रागावले म्हणून सांगू. पी.यू.सी., म्हणजे बारावी झालीस ना, डोकं कुठं ठेवलं होतंस, यंत्र म्हणजे काय टाच आहे, चढावरून मागं आली असतीस तर तुझ्या पोरांना कोण बघणार होतं. सगळं मोठ्यानं, शाळेतल्या आवाजात. कुंपणापलीकडे ऐकू गेलं. सासू म्हणाली, 'बघा, मी म्हनतच व्हते.' पोरगी एवढंच बोलली, 'माझं चुकलं, टीचर,' आणि सायकल ढकलत गेली. चालू गाडी ढकलत नेली, अप्पा.

तुम्ही त्या दिवशी काय केलंत हे मला आजवर माहीत होतं, पण ते किती अवघड होतं ते आज कळलं. माझ्याकडे उत्तर तयार होतं, उदाहरण तयार होतं, ते नाणं हातात होतं, आणि तरी मला ते एक वाक्य बोलता आलं नाही. तुम्ही, चौथीपर्यंत शिकलेला माणूस, दहा-बारा लोकांसमोर ते कसे सहज बोललात, हे कोणत्याही पुस्तकात मला सापडणार नाही.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही. तुम्हाला यात कळवण्यासारखं काही नाही; पांढरं तेल भेगेत जिरवलंत तेव्हाच सगळं वाचून झालं होतं. 'हे मीही केलं होतं, आणि मी गप्प राहिले होते,' हे जिला सांगायचं ती वीस पावलांवर आहे, आणि तिची सासू आत्ता ओसरीवर तांदूळ निवडत बसली आहे. तिच्यासमोरच सांगायला हवं, तुम्ही चारचौघांत बोललात तसं. उद्या सकाळी सातला ती पोरगी खालमानेनं कामाला जाता उपयोगी नाही. आणि एक कबूल करते. अक्षर मोठं काढलं ते तुमच्यासाठी नव्हे. तिकडं जायला उशीर व्हावा म्हणून.