चार वाजताची मांजर

४ जून

ती. ताईंना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही दोन वाक्यांत उरकता, म्हणून पत्र. बातमी अशी, की इथल्या वाचनालयाने वरचं दालन माझ्या कापडी चित्रांना द्यायचं कबूल केलंय. तुमच्या बंधुराजांनी ही बातमी ऐकून आधी चष्मा पुसला आणि मग बायकोचं अभिनंदन केलं. यावरून त्यांना किती धक्का बसला ते ओळखा.

अडचण एकच. ग्रंथपालांना दर्शनी भिंतीवर मी तुम्हाला दिलेली कापडी मांजर हवी आहे. खिडकीत बसलेली, शेजारी किटली, वर चार वाजल्याचं घड्याळ. मी ती करत होते तेव्हा त्यांनी पाहिली होती. ती नसेल तर भिंत एका निवृत्त डॉक्टरांच्या जलरंगांना जाईल, आणि ते दरवर्षी तेच जहाज काढतात. माझ्या कामाला पहिल्यांदाच भिंत मिळतेय ताई, आणि मला ती फार हवीय.

तुम्ही प्रत्येक पत्रात लिहिता, की मांजर जेवणाच्या टेबलासमोर आहे आणि तिच्याकडे बघितल्याशिवाय तुमचा चहा होत नाही. काही दिवस नुसत्या भिंतीकडे बघून प्या. पाठवाल ना?

आहे तो लोभ वाढता ठेवा.
तुमची भावजय,
चिमणी

१० जून

चि. सौ. चिमणीस,
अ. उ. आ.

शाबास. आमच्या घराण्यात भिंत मिळवणारी तू पहिलीच, बाकीच्यांनी फक्त डोकं आपटलंय.

मांजर अर्थातच सुखरूप आहे. पण घरात रंगकाम काढलंय आणि सगळं बांधून माळ्यावर टाकलंय. रंगारी आज येतो म्हणतो आणि परवा उगवतो. तेव्हा जरा धीर धर, वेळेत पाठवते.

सहज विचारते, मांजरीच्या मिशा कोणत्या टाक्याने केल्या होत्यास? आणि किटलीचं कापड कुठलं? शेजारणीला हल्ली शिवणाचा नाद लागलाय, ती विचारत होती.

बंधुराजांना आशीर्वाद. पुसलेला चष्मा त्यांनी डोळ्यांवर ठेवावा.
तुझी ताई

१७ जून

ती. ताईंना,
शि. सा. न. वि. वि.

शेजारणीला सांगा, मिशांना टाका एकच, पण लांब. दोरा एकेरी, आणि गाठ मागच्या बाजूला. किटली म्हणजे तुमच्या बंधुराजांची करडी पँट. ती अजून चांगली धड होती असं ते आजही म्हणतात.

ग्रंथपालांनी रस्त्याकडच्या दारावर सूचना लावलीय, की कोणाकडे घरी जुनं कापडी चित्र असेल तर तेही आणून द्यावं. लोक खरंच आणताहेत. माझा जीव मात्र मांजरीत अडकलाय. रंगाऱ्याला माझ्या वतीने दम द्या.

लोभ आहेच, पार्सलही येऊ द्या.
चिमणी

२५ जून

चि. सौ. चिमणीस,
अ. उ. आ.

पार्सल आज टाकलं. घडी नीट उलगड. इतके दिवस बांधून ठेवल्यामुळे चित्र थोडं वेगळं वाटेल.

शेजारणीचे हाल विचारू नकोस. तिने अख्खी मांजर दोनदा उसवली. सुई बोटात जाऊ नये म्हणून अंगुस्तान आणलं, तर सुई शेजारच्या बोटात गेली. तुझ्या कामाला मी एकदा चिंध्यांचा उद्योग म्हटलं होतं, ते मी तिला सांगून बसले. ती म्हणाली, असं बोलणाऱ्या बाईला एक शेपटी शिवायला द्यावी. मला तिचं पटलं.

काही चुकलं-माकलं दिसलं तर मोठ्या मनाने घे.
तुझी ताई

२ जुलै

ती. ताईंना,
शि. सा. न. वि. वि.

मांजर मिळाली. म्हणजे दोन मिळाल्या.

पार्सलच्या आदल्या दिवशी एक बाई जुन्या चादरीत गुंडाळून माझीच मांजर घेऊन दालनात आल्या. तुमच्या ऑफिसातल्या रोखपाल बाई. आता इथे मुलाकडे राहतात. दारावरची सूचना वाचून आल्या होत्या. अभिमानाने सांगत होत्या, की माझ्या निवृत्तीच्या दिवशी आमच्या मुख्य लिपिक बाईंनी (म्हणजे तुम्ही) स्वतःच्या हाताने करून दिलीय, जपून टांगा. मी त्यांची पिशवी धरून उभी राहिले.

मला राग आला, ताई. मांजर दुसऱ्याला दिलीत याचा कमी, आणि तिच्याकडे बघून चहा पिता असं तीन वर्षं लिहीत राहिलात याचा जास्त.

मग तुमचं पार्सल उघडलं. त्यातली मांजर उलट्या बाजूला बघतेय आणि घड्याळात आठ वाजलेत. बंधुराज म्हणाले, ताईकडे चहा उशिरा होतो. मला मात्र तुम्ही कपाटाच्या आरशासमोर मांजर धरून काढून पाठवलेला फोटो आठवला; आरशात सगळं उलटं दिसतं. तुमच्याकडे तेवढाच होता ना? मिशांच्या गाठी सगळ्या पुढे आल्यात, आणि कोपऱ्यात रक्ताचा एक डाग धुऊनही गेलेला नाही. ते पाहिल्यावर राग धरवेना. मी हसले, आणि हसता हसता रडलेही.

दोन्ही शेजारी-शेजारी टांगल्यात. तुम्ही बाईंना खोटं सांगितलंत असं मी म्हणणार नाही, फक्त खरं व्हायच्या तीन वर्षं आधी सांगितलंत. पण बाई रोज येतात आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, की चारची मांजर तुमची. पहिल्यांदा भिंत मिळाली, तर तिच्यावर नाव तुमचं गाजतंय. हे मी मिटवणार नाही. रविवारपर्यंत दालन आहे. या.

लोभ सध्या रुसलाय, पण आहे.
चिमणी

९ जुलै

चि. सौ. चिमणीस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचले. रविवारी तुला डॉक्टरांनी जहाजाच्या गोष्टीत अडकवलं होतं, त्यामुळे पलीकडे काय झालं ते तू ऐकलं नाहीस. तुझ्यासमोर सांगायचा धीरही झाला नाही, म्हणून लिहिते.

वाटेत चांगलं भाषण जुळवलं होतं. भिंतीसमोर बाई दिसल्या आणि सगळं विसरले. सरळ सांगितलं, की चारची मांजर माझ्या भावजयीची आहे. निरोपाला काही आणायचं मी विसरले होते, म्हणून भिंतीवरून काढून आणली. सगळ्यांनी वाहवा केली, तुम्हीच केली का म्हणून विचारलं, आणि माझी मान हलली. ही बिघडलेली आहे ना, ती तेवढी माझी. आणि तुला सांगते, शेजारीणबिजारीण कोणी नाही.

तीस वर्षं बाई माझ्या हाताखाली होत्या, पण त्या दिवशी मीच त्यांच्यासमोर टेबलाशी बोलावल्यासारखी उभी होते. मला वाटलं, आता पाठ फिरवतील, आणि ते योग्यच होईल.

त्यांनी चष्मा लावून दोन्ही मांजरी जवळून पाहिल्या. मग म्हणाल्या, की चारची जिची आहे तिला परत द्या. तुम्ही माझ्यासाठी बोटं टोचून घेतलीत असं समजून मी ती इतकी जपली. मग मला आठचीच द्या.

मी म्हटलं, अहो, तिचे टाके पार चुकलेत. त्या म्हणाल्या, ते दिसतंय मला, गुंडाळा.

रुसलेल्या लोभाला माझा निरोप सांग, की ताई त्याची वाट बघतेय.
तुझी ताई