मोठीला मी सहा महिने अंगावर पाजलं

४ मार्च, सकाळी
दवाखान्यातून घरी. मुलगा. तीन किलो शंभर. मोठी आता चार वर्षांची, म्हणजे माझा अनुभवही चार वर्षांचा. संकल्प: सहा महिने फक्त अंगावरचं दूध. वरचा थेंब नाही. मोठीला पाजलं तसंच. मोठी काय गुणी होती! दुपारची पिऊन झाली की तीन-तीन तास हूं नाही की चूं नाही. नर्सने बाळाला कसं धरायचं ते दाखवायला हात पुढे केला. तिला सांगितलं की माझं हे दुसरं आहे. गेली बिचारी.

६ मार्च
धाकटा रडतो. गॅस असणार. नवऱ्याचं म्हणणं, भूक असेल. याला काय कळतंय! मोठीच्या वेळी सहा महिने मी आईकडे होते आणि हा शनिवारी पाहुण्यासारखा यायचा. चहा प्यायचा, जायचा.
या वेळी आई येऊ शकत नाही. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन. एका अर्थी बरंच. तेव्हा सारखी मला झोपायला पाठवायची, मी बघते म्हणायची. काम मी केलं, लुडबूड तिची.

८ मार्च
बाळांच्या डॉक्टरीणबाईंकडे. दोन किलो आठशे पन्नास. म्हणाल्या, पहिल्या आठवड्यात थोडं उतरतं, चार दिवसांनी परत दाखवा. उतरतं असं त्या स्वतःच म्हणाल्या. विषय संपला.
दुखतं मात्र फार. चिरा पडल्यात. धाकटा तोंडात धरायच्या आधीच माझे डोळे भरून येतात. मोठीच्या वेळी इतकं नव्हतं. हा बापावर गेलाय. आ वासतो मोठा, पण हाताला काही लागत नाही.

१० मार्च
ग्रुपवर तिघींना उत्तरं दिली, एका हाताने. दुसऱ्या हातावर धाकटा रडत होता. मोठीच्या वेळेपासून मी हा ग्रुप चालवते, नव्या आयांसाठी. २१४ जणी आहेत. माझं वाक्य सगळ्यांना पाठ आहे: दूध कमी असं काही नसतं, कमी असतो तो विश्वास. कुणाला तरी हे ठणकावून सांगावंच लागतं.
धाकट्या जावेचा फोन. वहिनी, मदतीला येऊ का म्हणे. नको म्हटलं. हिने स्वतःच्या मुलाला महिन्याभरात बाटली लावली. तेव्हाच मी हिला ग्रुपमधून काढलं. घरची म्हणून सूट दिली तर बाकीच्यांनी काय शिकायचं? एका शब्दाने बोलली नाही. चूक पटली असणार.

१२ मार्च
दोन किलो सातशे नव्वद. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की अंगावर पाजा, पण वजन सावरेपर्यंत त्याच्यानंतर थोडं वरचंही द्या. मी हो म्हटलं. हो म्हणणं वेगळं, देणं वेगळं. त्यांचा काटा मला जरा कललेला वाटला.
नवरा संध्याकाळी पावडरचा डबा घेऊन आला. मी तो कपाटावरच्या रिकाम्या सुटकेसमागे ठेवून दिला. शिडी आणायचा त्याला कंटाळा आहे.

१४ मार्च, सकाळी
घरच्या काट्यावर धाकट्याला घेऊन उभी राहिले. एकाहत्तर किलो चारशे. त्यातून माझे अडुसष्ट वजा. तीन किलो चारशे! दोन दिवसांत सहाशे ग्रॅम! नवऱ्याला ऑफिसात फोन करून सांगितलं. त्याला म्हणे मीटिंग होती. मुलापेक्षा मीटिंग मोठी.

संध्याकाळी
नवऱ्याने विचारलं, तुझे अडुसष्ट कधीचे? घरी आले त्या दिवशीचे. त्याने मला एकटीला काट्यावर उभं केलं. अडुसष्ट किलो सातशे. दूध यावं म्हणून दहा दिवस दिसेल ते खातेय. ते मलाच लागलं. त्याला नाही.
नवऱ्याने डबा कुठे आहे विचारलं. त्याला म्हटलं, तू दोन दिवस दे मला, फक्त दोन दिवस. त्याने दिले. रडले की हा देतो.

१६ मार्च
एक गोष्ट केली. कुणाला सांगायची नाही. नवऱ्याच्या जुन्या नंबरवरून ग्रुपमध्ये शिरले. नाव लिहिलं, एक आई. विचारलं की बाळ दुसरं आहे, वजन उतरतंय, बाळाच्या डॉक्टर वरचं द्या म्हणतात, काय करू?
अकरा जणींनी माझंच वाक्य पाठवलं. खाली माझं नाव आणि नमस्काराचे हात. एकीने लिहिलं, डॉक्टरांना काय, ते घाबरवतातच. मग सगळ्या म्हणायला लागल्या की अॅडमिनताईंनी सांगावं. अॅडमिनताई म्हणजे मी. वाट पाहायला लागल्या सगळ्या. काय करणार? माझ्या नंबरवरून लिहिलं की ताई, धीर सोडू नका, बाटली हातात घेतलीत की संपलं.
उत्तर चांगलं झालं होतं. दोनदा वाचलं. जरा बरं वाटलं.

१८ मार्च, दुपारी
जमलं! धाकटा सलग चार तास झोपला. उठवावं लागलं, दोन घोट घेतले, परत झोपला. रडणंही कमी झालंय, आवाज अगदी बारीक. लंगोट सकाळपासून एकच आणि तोही जवळजवळ कोरडा, धुणं वाचलं. शांत बाळ म्हणजे पोट भरलेलं बाळ. मोठी अश्शीच झोपायची. नवऱ्याला मेसेज केला, जिंकलो.

२० मार्च, हॉस्पिटल
परवा संध्याकाळी जाऊ न विचारता आली. नवऱ्याने बोलावलं असणार. तिने धाकट्याचे ओठ बघितले, टाळूवर हात ठेवला. चपला काढल्याच नव्हत्या. त्याला उचललं आणि तशीच जिना उतरली. मी मागे धावले, अनवाणी.
नाकात नळी आहे. हाताला सुई. सुईसाठी शीर सापडेना, तिसऱ्यांदा मिळाली. तो रडलासुद्धा नाही. दोन किलो सहाशे वीस. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, वरचं दूध सुरू केलं होतं ना? नवरा म्हणाला, मी डबा आणला होता. मग दोघांनीही माझ्याकडे बघितलं.
मी घाबरले आहे. दुसरं काही लिहायला सुचत नाही.

२२ मार्च
नळी काढली. चमच्याने तीस मिली प्यायला, डोळे उघडे ठेवून. नर्स म्हणाली की आधी अंगावर घ्या, मग वरचं द्या, दोन्ही चालतं. हे कुणी आधी सांगायला काय झालं होतं?
सांगितलं होतं. १२ तारखेला.

२४ मार्च
घरी. दोन किलो आठशे ऐंशी, चढतंय. बाबांना शेजाऱ्यांवर सोपवून आई आली.
धाकटा भुकेने रडायला लागला. मी डब्यावरची बारीक अक्षरं वाचत होते. आईने डबा माझ्या हातातून घेतला. उकळलेलं पाणी मोजलं, माप डब्याच्या कडेला घासून सपाट केलं, पावडर घातली, हलवलं, मनगटावर थेंब टाकून बघितला. काही म्हणजे काही वाचलं नाही. विचारलं, तुला कसं येतं हे?
आईने धाकट्याला मांडीवर घेतलं, पाजायला लागली. मग सांगितलं. मोठीचं वजनही उतरलं होतं. दुसऱ्या आठवड्यापासून रोज तीनदा वरचं, मी झोपले की. वाटी-चमच्याने, कारण बाटली माझ्या नजरेला पडली असती. सहा महिने.
मला का नाही सांगितलंस, असं ओरडले. आई म्हणाली की तू इतकी खूश होतीस. आणि मग तू लोकांना शिकवायला लागलीस, मग सांगायची सोयच राहिली नाही.
मी म्हटलं, अगं, याच्या जिवावर मी कुणाकुणाला काय काय बोलले! सख्ख्या जावेला ग्रुपमधून हाकललं!
आई म्हणाली, तिला माहीत आहे. मोठीला बघायला आली होती तेव्हा तू झोपली होतीस. मोठी हात मारत होती, तेव्हा वाटी तिनेच धरली होती.
म्हणजे मी तिला काढलं ते त्याच्यानंतर. वर्षभराने. तिने एक ओळ लिहिली असती तर २१४ जणींत माझं तोंड काळं झालं असतं. तिने लिहिली नाही. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.
जाऊ मदतीला आलेली, स्वयंपाकघरात होती. मी जाऊन दारात उभी राहिले. माफ कर म्हणायला गेले होते. शेवटी विचारलं की बाटली किती वेळ उकळायची. ती जरा बाजूला सरकली, मला शेगडीपाशी जागा केली आणि दाखवायला लागली.