संत बार्थोलोम्यूंचे राहिलेले वलय

मी बार्तोलोमेओ, लोकांचा मेओ, सिएनाचा, चित्रांना सोन्याचा वर्ख लावणारा, वय सत्तरच्या पुढे. हात कापतो, पण डोके ठिकाणावर आहे. कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहवून ठेवतो. नोटरीने दोनदा वाचून दाखवले, तरी काही सुटल्याची धास्ती आहेच.

राहते घर पत्नी जेम्माला. "अहो, संतांच्या डोक्यावर सोनं आणि आपल्या डोक्यावर गळकं छप्पर!" असे म्हणत तिने चव्वेचाळीस वर्षे मला प्रेमाने जेवू घातले. छप्पर आधी शाकारून घ्यावे.

चौकटी बनवणाऱ्या चेक्कोला माझी करवत. ती अकरा वर्षे त्याच्याकडेच आहे.

मुलगी नुता हिला सोने घोटून चमकवायचा कुत्र्याचा सुळा, वर्ख कापायची उशी आणि डबीतले चार वर्ख. मात्र एक अट आहे.

अक्षरओळख नसताना उस्ताद लाप्पोंनी मला पोटापाण्याला लावले. आमच्या चर्चमधले येशूचे शिष्यांसोबतचे शेवटचे भोजन त्यांनीच रंगवले. आधी सोने लागते, चेहरे नंतर. दगाबाज यहूदा मेजाच्या अलीकडे एकटा बसतो आणि त्याच्या डोक्याभोवती सोन्याचे वलय नसते, एवढे मला पाठ. उस्तादांनी त्या खेपेस त्याला पलीकडे इतरांत बसवले आणि अलीकडे संत बार्थोलोम्यूंना, ज्यांच्यावरून माझे नाव ठेवले. मी रेघा नीट न पाहता अलीकडचे डोके कोरे ठेवले, बाकी सर्वांना सोने लावले.

उस्ताद हसले. "मेओ, चोराला स्वर्गात बसवलंस आणि ज्याचं नाव लावतोस त्यालाच बाहेर काढलंस!" यहूदाचे सोने त्यांनी खरवडले. राहिलेले वलय ईस्टरनंतर करू म्हणाले. उन्हाळ्यात ते तापाने गेले. माझी चूक त्यांनी कोणाला सांगितली नाही, हे उपकार विसरणार नाही.

काम जाईल म्हणून मीही बोललो नाही. लोक अलीकडच्या त्या एकट्या कोऱ्या डोक्याला यहूदा समजतात. टाचण्यांनी त्याचे डोळे खरवडून टाकलेत. गेल्या ईस्टरआधीच्या उपवासकाळात एक बाई मला म्हणाली, "बघता काय आजोबा, थुंका की!"

मी थुंकलो.

फादर गीनोंना हे सांगितले. रागावले नाहीत, परवानगी दिली, त्यांचे आभार. नुताने माझ्या दफनाआधी वलय लावावे आणि मगच डोळे रंगवावेत. दृष्टी आल्यावर संतांना समोर दफनासाठी चर्चमध्ये आणलेला मी दिसेन, तेव्हा त्यांच्या डोक्यावर सोने असलेले बरे.

सिएना, संत मार्टिनच्या सणानंतरचा तिसरा दिवस, सन १४१८
मेओ (स्वहस्ते)
साक्षीदार: फादर गीनो
चेक्को सुतार (करवत माझीच आहे, तरी सही करतो)