कर्नल कासवाची चारशे ऐंशी नाणी

४ मे, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. मोठी झालेली माणसं सुरुवातीचे दिवस लिहून ठेवत नाहीत आणि मग मुलाखतीत आठवत बसतात. ती चूक नको.

काल माल आला. टीव्हीवरच्या कर्नल कासव या कार्टून मालिकेला पस्तीस वर्षं झाली म्हणून काढलेली चांदीची स्मरणनाणी, एकूण चारशे ऐंशी. प्रत्येक नाणं प्लास्टिकच्या गोल डबीत, डबी लाकडी पेटीत, पेटीत प्रमाणपत्र. बारा पेट्यांचा एक खोका, असे चाळीस खोके. मागची खोली भरली. दार आता अर्धंच उघडतं, पण आडवं होऊन आत जाता येतं.

आमची अख्खी पिढी कर्नल कासवासमोर जेवली. ती मुलं आता कमावती झाली आहेत, आणि कमावत्या माणसाला बालपण विकत हवं असतं. हे वाक्य माझं स्वतःचं आहे. कुठेतरी वापरायचं.

पैसे मागच्या खोलीला लागून बाथरूम करायचं म्हणून ठेवले होते, त्यातले. बाबा सध्या ताईकडे आहेत, एक ऑगस्टपासून कायमचे आमच्याकडे येणार. त्यांना लांब चालवत नाही, म्हणून बाथरूम. पैसे खर्च केलेले नाहीत, फिरवले आहेत. पंधरा जूनपर्यंत माल संपेल. मग बाथरूम, धरायला स्टीलची दांडी, आणि टाइल्स आधी ठरल्या होत्या त्याहून चांगल्या.

हिला सगळं समजावून सांगितलं. ही काहीच बोलली नाही. संमती धरली.

९ मे
साइटवर जाहिरात टाकली. पहिल्या दिवशी सात जणांनी पाहिली. पाच वेळा मी. एकदा ही, चुकून. सातवा कोण असेल, हा विचार ऑफिसात दिवसभर केला. आवक-जावक विभागाचं हेच एक बरं आहे, विचाराला वेळ मिळतो.

१७ मे
ऑफिसातल्या टपालाच्या काट्यावर नाणं तोललं. प्रमाणपत्रात एकतीस ग्रॅम, काट्यावर सव्वीस. काटा फार जुना झाला आहे. बदलून मागायला हवा.

वर बघतो तर साहेब उभे. हे कुठल्या आवक क्रमांकाचं, विचारलं. वैयक्तिक आहे म्हणालो. साहेबांनी नाणं उलटंसुलटं केलं आणि हा बटाटा आहे का म्हणाले. साहेबांना बालपण नसावं.

२ जून
पहिली चौकशी. एका गृहस्थांचा फोन. कासव केवढं आहे, काय खातं, आणि घरी काचेची टाकी तयार आहे. नाणं आहे म्हटल्यावर आवाज पडला. तरी विषयाची आवड असलेला माणूस होता. नंबर जपून ठेवला आहे.

११ जून
विक्री शून्य. आज कारण सापडलं: भाव कमी आहे. स्वस्त वस्तूकडे लोक संशयाने बघतात. भाव दुप्पट केला. म्हणजे घरबसल्या एका मिनिटात मागच्या खोलीची किंमत दुप्पट झाली. हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती, निवडत राहिली.

१२ जून
ताईचा फोन. बाबा पहाटे उठून दारात उभे राहतात आणि ड्यूटीची पिशवी मागतात. चौतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते. निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली, हे त्यांना रोज नव्याने सांगावं लागतं. परवा त्यांनी ताईलाच तिकीट विचारलं. ताई हसत सांगत होती, मग मध्येच हसायची थांबली. खोली झाली का, विचारलं. जवळजवळ, म्हणालो.

मला बाबा इथे हवे आहेत. हे लिहून ठेवतो. खोके बघून कोणाला उलटं वाटायचं.

२० जून, दुपारी २
जेवणाचा डबा न उघडता हे लिहितो आहे.

शोकेसमध्ये ठेवायला एक नाणं बाहेर काढलं होतं, डॉक्टर डासाचं. डॉक्टर डास म्हणजे मालिकेतला खलनायक. सोंड हे त्याचं हत्यार, सोंडेतच त्याची सगळी अक्कल. आज सहज पाहिलं तर या डासाला सोंडच नाही. टांकसाळीची चूक. अशा चुकलेल्या नाण्यामागे शौकीन लोक वेडे होतात, एकेकाने घर विकलेलं आहे असं वाचलंय.

हाफ डे टाकला. मनातल्या मनात बाथरूममध्ये गिझर बसवला. ताईलाही तिच्या घरी एक बसवून दिला.

२२ जून
बाजारातल्या जुन्या नाण्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार डोळ्याला भिंग लावूनच बसतो, गिऱ्हाइकाकडेही त्यातूनच बघतो. त्याने डॉक्टर डासाकडे पाहिलं आणि कशाने घासलंत, एवढंच विचारलं.

तेव्हा आठवलं. मेमध्ये नाण्यावर डाग दिसला होता म्हणून टूथपेस्ट लावून जुन्या ब्रशने जरा साफ केलं होतं. सोंड त्यातच गेली असावी.

तो म्हणाला, घासलेल्या नाण्याला कोणी हात लावत नाही, बोटाचा ठसा उमटला तरी भाव गेला. शिवाय ही चांदी नव्हे, मुलामा आहे. मी म्हणालो, बाकीच्या चारशे एकोणऐंशींना ब्रश लागलेला नाही, त्यांचं काय द्याल. त्याने टेबलावरचा दिवा बंद केला. चहा मात्र पाजला. माणूस मत्सरी वाटला.

निश्चय: यापुढे नाण्याला हात लावायचा नाही आणि कोणाला लावू द्यायचा नाही.

३० जून
मीही कमालीचा वेंधळा. उत्तर नाण्याच्या पाठीवरच छापलेलं होतं. ही नाणी एका बेटाच्या सरकारने काढलेली आहेत. नाव मला नीट उच्चारता येत नाही, पण सरकार आहे. मागे एक पक्षी, दोनचा आकडा आणि कायदेशीर चलन असे स्पष्ट शब्द. म्हणजे कोणी नाही घेतलं तर त्या बेटावर जाऊन ही नाणी सरळ खर्च करता येतील. जाण्यायेण्याचं भाडं अंगावर पडेल, पण समुद्र आहे, हवापालट होईल. बाबांनाही नेता येईल.

बेटाच्या खजिन्याला ईमेल केली. चारशे ऐंशी नाणी परत घेऊन रोख द्यावी, सोंड नसलेलं एक आहे तेही दर्शनी किमतीत चालेल, असं मोकळेपणाने लिहिलं.

१४ जुलै
खजिन्याचं उत्तर आलं. फार सभ्य भाषा. ही नाणी परत घेतली जात नाहीत. बेटावरच्या दुकानांतही ती चालत नाहीत, दुकानदारांनी ती पाहिलेलीच नाहीत. मात्र खजिन्याकडे यांतली एकोणीस हजार नाणी पडून आहेत, माझी या विषयातली आस्था पाहून ती ते मला साठ टक्के सवलतीत देऊ इच्छितात. कळावे.

सवलत वाईट नाही. पण ठेवायची कुठे.

आज पहिल्यांदा जरा बसून राहावंसं वाटलं. बसून राहिलो.

२४ जुलै
सकाळी खोली रिकामी करायला घेतली. आठ खोके हॉलमध्ये आणले तर सोफा गेला. चार गॅलरीत ठेवले, आभाळ भरून आलं, परत आत घेतले. दोन पलंगाखाली शिरले, तिसरा अडकला, तो आता पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. बाराला थांबलो. खोके चाळीसच होते, पण सगळ्या घरात झाले होते.

नाणी पेटीतून काढून एका पोत्यात भरली तर सगळी कोपऱ्यात मावतील, असं हिने सुचवलं. पेटीबाहेर नाण्याची किंमत अर्धी होते, हे मी तिला समजावायला लागलो. अर्धी कशाची, असं तिने विचारलं. मग ही आयुष्यात क्वचित बोलते त्या आवाजात म्हणाली, "ती खोली बाबांची आहे. त्या कासवाची नाही."

मी पलंगाखाली अडकलेला खोका पुन्हा एकदा ओढून पाहिला.

१ ऑगस्ट
बाबा आले. ताई सोडायला आली होती. तिने मागची खोली पाहिली: भिंतीला छतापर्यंत खोके, मधल्या गल्लीत खाट, उशाशी दोन खोक्यांचं टेबल, त्यावर पाण्याचा तांब्या. बाथरूम कुठाय, विचारलं. काम चालू आहे म्हणालो. कुठे चालू आहे, म्हणाली. ताई पाच मिनिटं खाटेवर बसली आणि मग बाबांचे कपडे लावत बसली. मला वाटलं चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं.

बाबांनी मला अहोजाहो केलं. तुमची गाडी कुठल्या मार्गावर, असं विचारलं.

२ ऑगस्ट
पहाटे बाबा बाथरूमला निघाले आणि खोक्याला अडखळून पॅसेजमध्ये पडले. हाड मोडलं नाही, कोपर खरचटलं. उचलताना ते मलाच सॉरी म्हणाले. त्यांचं वजन काहीच राहिलेलं नाही. मला स्वतःची लाज वाटली. ही कोपराला औषध लावत होती, वर पाहिलं नाही.

निश्चय: भाव निम्म्यावर.

३ ऑगस्ट
संध्याकाळी आलो तर बाबांनी एक खोका फोडलेला. पेट्या उघडून, डब्या उघडून नाणी खाटेवर मांडली होती. बोटं लावून. आठ झाली होती, नववी डबी हातात होती. दिवसाची कॅश आहे म्हणाले, डेपोत भरायची आहे.

मी त्यांच्या हातातून डबी घ्यायला पुढे झालो. ताई सांगत होती की दोन महिने ते एका जागी दहा मिनिटं टेकलेले नाहीत. ही म्हणाली, आज तीन तास बसलेत. एकदाही दाराकडे गेले नाहीत.

मी दारात उभा राहून नववी डबी उघडताना पाहिली. मग दहावी.

५ ऑगस्ट
सहा खोके. बाबा जेवले चांगले. गाढ झोपतात. जाहिरातीतून "न हाताळलेली" हा शब्द काढला. मग जाहिरातच काढली. सातवा कोण होता ते आता कळायचं नाही.

६ ऑगस्ट, संध्याकाळी ५.४०
बाबा आज टेबलाशी बसले होते. नाण्यांच्या दहा-दहाच्या चवडी, कंडक्टर लावतात तशा, एकसारख्या. चेहरा गंभीर. मला म्हणाले, बसा. दोन वाक्यांत कळलं की मला ते डेपोतला नवा कंडक्टर समजताहेत आणि ही कॅश माझी आहे.

त्यांनी एक नाणं टेबलावर टाकलं आणि कान दिला. दुसरं टाकलं. तिसरं. मान हलवली.

"बद्द वाजतंय," म्हणाले.

मी त्यांना सांगायला लागलो. मालिका, पस्तीस वर्षं, मर्यादित आवृत्ती, बेटाचं सरकार, कायदेशीर चलन. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मे महिन्यापासून माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेणारे ते पहिलेच. ऐकून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, किती दिवस झाले नोकरीला. तीन महिने, म्हणालो. दुसरं काय सांगणार.

"कोणीतरी गळ्यात मारली तुमच्या," ते म्हणाले. "गर्दीत होतं असं."

"सगळीच बद्द आहेत?"

"सगळीच."

मग त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. खिसा रिकामा असला की ते कासावीस होतात, म्हणून ही रोज सकाळी त्यात थोडी सुटी नाणी टाकून ठेवते. बाहेरची, रोजची, चालणारी. ती त्यांनी एकेक करून मोजली, माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटं आपल्या हाताने मिटली. आज एवढी भरा, म्हणाले, बाकीचं उद्या बघू. डेपोत कोणाला बोलू नका, नवीन माणसाचं नाव खराब होतं.

मी उठलो. त्यांनी हात सोडला नाही.

"घरी वडील आहेत ना?"

आहेत म्हणालो.

"त्यांना यातलं काही सांगू नका. उगाच जिवाला लावून घेतील."

नाही सांगत, म्हणालो.