खंडेनवमीचा कॉम्प्युटर

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझा राग गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असं आई म्हणते. तिने नाही बोललं तरी चालेल. मी बोलणार.

परवा लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन करायला बसले. म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा, लुटुपुटूचा कॉम्प्युटर. आपली थोडी मेमरी आणि डिस्कचा एक कोपरा त्याला द्यायचा आणि त्यात हवी ती सिस्टीम टाकून बघायची. आत कितीही गोंधळ घाला, बाहेरच्याला धक्का लागत नाही. मी हट्टाने कॉलेजच्या वेळची लिनक्स नावाची जुनी सिस्टीम शोधून काढली होती. ती बसवताना स्क्रीनवर प्रश्न आला, संपूर्ण डिस्क पुसायची का? आणि तुम्ही माझ्या मानेमागे येऊन उभे राहिलात.

पनवेलच्या घरात, स्वयंपाकघराच्या दाराशी आपला कॉम्प्युटर आहे. मासिकाबरोबर फुकट आलेली सीडी घालून मी असंच आतलं मशीन करतेय, स्क्रीनवर हाच प्रश्न आहे. तुम्ही तळोज्याहून नुकतेच आलात, शर्टाला कंपनीचा तो आंबूस वास आहे. "पुसायची? काय पुसतेयस तू?" "बाबा, ती खरी डिस्क नाहीये. आतली आहे, खोटी." "खोटी आहे तर पुसतेस कशाला?" मी समजावत राहिले, तुम्ही हातपाय धुवायला निघून गेलात. माझं काम नीट झालं, मशीन व्यवस्थित बंद केलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. कंपनीत मोटरींची कव्हरं काढून पूजा करायची पद्धत, म्हणून तुम्ही घरीही कॅबिनेटचे स्क्रू काढलेत. आतल्या हिरव्या बोर्डाला हळदकुंकवाची बोटं ओढलीत, अक्षता टाकल्यात, वर फुलाने पाणी शिंपडलंत. "अहो, आत पाणी कशाला?" आईने विचारलं. "पूजा अर्धवट करतात का?" दसऱ्याला बटण दाबलं तर चट् आवाज झाला, जळका वास सुटला आणि कॉम्प्युटर गेला. "हिनेच पुसलंय सगळं. मी बघितलंय डोळ्यांनी." मी वाकून बोर्डावरचं ओलं कुंकू दाखवलं. "देवाला नावं ठेवतेस?" म्हणून तुम्ही माझा हात झटकलात. पुढे येईल त्या पाहुण्याला तेच ऐकवलंत, हिच्या हाताला मशीन लाभत नाही. कॉम्प्युटरच्या कोर्सचं ठरत आलं होतं, ते मोडलंत आणि मला बी.कॉम.ला घातलंत. मी किती रडले हे भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांनाही माहीत होतं.

इथवरचंही मी गिळलं असतं. माणूस चुकतो. पण पुढे दादासाठी नवा कॉम्प्युटर आला, त्याचीही खंडेनवमी आली. तुम्ही नारळ पार उंबऱ्याबाहेर फोडलात, कुंकवाचं एकच बोट डब्याला बाहेरून टेकवलंत आणि दादाला म्हणालात, "आत काही जाऊ देऊ नकोस हां, बोर्ड जळतो." मी दारातच उभी होते. आपली नजरानजर झाली. तुम्ही खाली बघून निरांजन ओवाळायला लागलात.

म्हणजे तुम्हाला कळलं होतं, बाबा. कळलं होतं, आणि तरी तुम्ही गप्प बसलात. मला नुसतं ऐकायचं होतं, तुझी चूक नव्हती. कोर्स मी नंतर नोकरी सांभाळून केला, तोही तुम्ही गेल्यावर. आज त्याच्यावरच माझं पोट चालतं. ते तुम्हाला दिसलं नाही याचं मला वाईट वाटत नाही, चीडच येते.

हे कुठे पाठवायचं नाहीच आहे. परवा सगळं बसल्यावर मशीनने वापरणाऱ्याचं नाव विचारलं, तिथे मी तुमचं नाव घातलं. म्हटलं, बसा आत. शिंपडा काय शिंपडायचं ते, आता बाहेर माझं काही जळत नाही. खेळ झाला की ते मशीन पुसून टाकायचं असं ठरवलं होतं. लॅपटॉपने रीतसर विचारलंही, पुसायचं का? तीनदा नाही म्हटलंय.