ते निवेदन मीच लिहिले होते

मंगळवार, संध्याकाळ. महाल भाग.

महापालिकेच्या अभ्यासिकेच्या दारावर आज कागद लागला: निधीअभावी अभ्यासिका यापुढे दुपारी दोनलाच बंद होईल. परीक्षा तोंडावर आलेली, आणि घरी दोन खोल्यांत आम्ही सहा माणसे. मी वाचायचे कुठे?

पण संताप करावा तो कुणावर? मागच्या महिन्यात आमच्या गल्लीने मालमत्ता करवाढीविरुद्ध निवेदन दिले, ते मीच लिहिले होते. 'एका पैशाचीही वाढ आम्हांस मान्य नाही.' हे वाक्य लिहिताना मला केवढा अभिमान वाटला होता! करवाढ रद्द झाली. त्याच करातून अभ्यासिकेचे दिवे लागतात, हे नागरिकशास्त्रात पहिल्या आलेल्या मला सुचू नये? एका पैशाचीही!

परतताना किराणा दुकानातून वानखेडे काकांनी हाक मारली. "अभ्यासिकेसाठी पण एक निवेदन लिहून दे वं पोरी. अख्खी गल्ली सही करते."

"पण काका, पैसा कुठून येईल?" मी कसेबसे विचारले.

"ते सरकार पाहीन ना! तू काहून टेन्शन घेऊन राहिली?"



घरी येऊन लिहिले. अभ्यासिका पूर्वीसारखी दिवसभर उघडी ठेवावी. त्यासाठी कर वाढला तरी आमची हरकत नाही. कागद आणि पेन बाबांपुढे ठेवले. मागच्या निवेदनावर पहिली सही त्यांचीच होती.

त्यांनी दोनदा वाचले. "अक्षर मस्त आहे बेटा तुझं," म्हणाले, आणि पेन मला परत दिले.